लेक एनसीसीत जाते म्हणतेय, कॅम्पला पाठवावं का?

प्राजक्ता_आई (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. लेकीने यंदा एफवाय बीएस्सीला प्रवेश घेतलाय. काल कॉलेजच्या फलकावर एनसीसी भरतीची सूचना लागली. शनिवारी सकाळी साडेसहाला मैदानावर बोलावलंय. उंची, वजन, धावणं आणि मग तोंडी प्रश्न. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने सांगून टाकलं, मी जाणार. तेव्हापासून घरात तोच विषय. सासूबाईंना वाटतं पोरगी उन्हात रापेल, नवऱ्याला वाटतं प्रॅक्टिकल्स बुडतील. माझी भीती वेगळी आहे. दहा दहा दिवसांचे कॅम्प असतात म्हणे, अनोळखी जागी, शेकडो मुलंमुली, रात्री पहारा. लग्न होईपर्यंत मी एक रात्र घराबाहेर काढलेली नाही, त्यामुळे मला याचा काही अंदाजच येत नाही.

तिला नाही म्हणायचं माझ्या मनात नाही. पण हो म्हणण्याआधी काय विचारून घ्यायचं तेही कळत नाही. ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांच्या मुलांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा. आणि ते सी सर्टिफिकेट, सी सर्टिफिकेट म्हणतात ते नक्की कशासाठी?

जुना_एसयूओ | मंगळवार, रात्री ९:४५

ताई, शनिवारी पाठवा. बाकीचं वाचत वाचत ठरवा, पण शनिवार चुकवू नका. भरती सहसा वर्षाच्या सुरुवातीला एकदाच होते आणि युनिटला जागा मोजून मिळालेल्या असतात. दुसऱ्या वर्षाला आल्यावर जाग आलेली मुलं मी दर वर्षी पाहायचो. अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि पदवीची दोनच वर्षं उरलेली, मग सी पर्यंत पोचणार कसं?

मी आर्मी विंगचा. शेवटच्या वर्षी सीनियर अंडर ऑफिसर होतो. पहिल्या कॅम्पची एक गोष्ट सांगतो. फायरिंगच्या आदल्या दिवशी उस्तादांनी (पीआय स्टाफ, म्हणजे आम्हाला शिकवायला फौजेतून आलेले हवालदार, आम्ही सगळ्यांना उस्तादच म्हणायचो) आम्हाला रिकामी रायफल देऊन पोटावर झोपवलं आणि नळीच्या टोकाशी रुपयाचं नाणं ठेवलं. ट्रिगर दाबायचा, नाणं पडता कामा नये. माझं सात वेळा पडलं. ते ओरडले नाहीत. शेजारी आडवे झाले आणि म्हणाले, तू बोटाने नाही, खांद्याने दाबतोयस. श्वास अर्धा सोडायचा, तिथेच थांबायचं आणि बोटाचं पहिलं पेर इतकं हळू मागे आणायचं की गोळी कधी सुटणार हे आपल्यालाही आधी कळू नये. आठव्यांदा नाणं जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी पॉइंट टू टू रायफलच्या पाच गोळ्या, २५ मीटरवर टार्गेट. कोपरं सोलवटली होती, घाम डोळ्यांत जात होता. कागद हातात आला तेव्हा पाचही छिद्रं माझ्या तळहाताखाली झाकली जात होती. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मी फौजेत गेलो नाही. एसएसबीतून, म्हणजे फौजेच्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीतून, दोनदा परत आलो, आता बँकेत आहे. तरी ती तीन वर्षं मी कुणालाही देणार नाही.

गणिताच्या_बाई | मंगळवार, रात्री १०:३०

प्राजक्ताताई, मी कॉलेजात गणित शिकवते आणि बारा वर्षं एएनओ होते, म्हणजे कॉलेजातल्या कॅडेट्सची जबाबदारी ज्या प्राध्यापकावर असते ती व्यक्ती. माझ्याबरोबर शेकडो मुली कॅम्पला आल्या, त्यामुळे आधी तुमच्या भीतीबद्दल.

कॅम्पमध्ये मुलींच्या राहण्याच्या बराकी पूर्ण वेगळ्या असतात. मुलींबरोबर महिला एएनओ किंवा जीसीआय, म्हणजे मुलींसाठी नेमलेल्या प्रशिक्षिका, मुक्कामाला असतात. रात्री रोल कॉल होतो, एकेक नाव पुकारून मोजदाद होते, त्यानंतर लाइट्स आउट. मुलींच्या लाइन्सकडे पुरुषांना मज्जाव असतो. आजारी पडलं तर एमआय रूम, म्हणजे तपासणी आणि औषधोपचाराची खोली, असते. तुम्ही एएनओंना जाऊन सरळ विचारा: मुलींबरोबर कोण येणार, त्यांचा नंबर काय, फोन दिवसातून कधी करता येईल, एमआय रूममध्ये कोण असेल. जिथे या प्रश्नांची धड उत्तरं मिळत नाहीत तिथे पुन्हा पुन्हा विचारा. पालकांनी विचारलेलं मला कधीच खटकलं नाही. न विचारता मुलीला ऐन वेळी घरी ठेवून घेतलेलं मात्र फार लागायचं, कारण तिच्या जागी दुसरी एखादी जाऊ शकली असती.

आणखी एक, जे कुणी फलकावर लिहीत नाही. पाळीच्या दिवसांत पीटीला बसून राहायची मुभा मागता येते, पण नव्या मुली लाजेने सांगत नाहीत आणि चक्कर येऊन पडतात. माझ्यासमोर दोघीजणी अशा पडल्यात. लेकीला घरूनच सांगून पाठवा की हे मॅडमना सांगायचं, त्यात काही कमीपणा नाही. नेहमीची औषधं असतील तर ती पिशवीत आणि चिठ्ठी एएनओंकडे. आणि कोरे करकरीत बूट घालून कॅम्पला पाठवू नका. आधी पंधरा दिवस घरात वापरून मऊ करू द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आणि उरलेले आठ दिवस लंगडत.

राहणं, जेवण आणि कॅम्पपर्यंतचा प्रवास सरकारी खर्चाने होतो. गरीब घरातल्या मुलींना मी हे आवर्जून सांगायचे, कारण पैसे लागतील म्हणून त्या नावच द्यायच्या नाहीत.

प्राजक्ता_आई | बुधवार, सकाळी ७:०५

बाई, तुमचा प्रतिसाद मी रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. पाळीबद्दलचं तर मला सुचलंच नसतं. मनापासून आभार.

सर्टिफिकेटचं सांगाल का कुणी?

जुना_एसयूओ | बुधवार, सकाळी ८:२०

शाळेतले कॅडेट म्हणजे ज्युनियर डिव्हिजन, मुलींची ज्युनियर विंग. त्यांना दोन वर्षांनंतर ए. कॉलेजात सीनियर, तिथे दुसऱ्या वर्षाअखेर बी आणि तिसऱ्या वर्षाअखेर सी. बी नसेल तर सीला बसता येत नाही. परेडची हजेरी ७५ टक्के लागते. कॅम्पचं साधारण गणित असं की बीला एक, सीला दोन.

सीचा मोठा उपयोग म्हणजे आर्मीची एनसीसी स्पेशल एंट्री. सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडचं, पदवीला ५० टक्के, वय १९ ते २५, अविवाहित मुलगा वा मुलगी. यूपीएससीची सीडीएस (फौजेतल्या अधिकारी भरतीची) लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीचं बोलावणं येऊ शकतं. वर्षातून दोनदा जाहिरात निघते. निवड झाली की ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, प्रशिक्षण आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी अधिकारीपद. लेखी नाही म्हणजे सोपं आहे असं मात्र समजू नका. एसएसबी पाच दिवस चालते आणि निम्म्याहून अधिक मुलं पहिल्याच दिवशीच्या स्क्रीनिंगमध्ये सामान उचलतात. मी पहिल्या खेपेला त्यातलाच. शिवाय अग्निवीर भरतीत एनसीसीवाल्यांना जादा गुण मिळतात, बऱ्याच ठिकाणच्या पोलीस भरतीतही विचार होतो. प्रत्येक जाहिरातीत नियम बदलतात, त्या त्या वेळची जाहिरात शब्द न् शब्द वाचायची.

कागदपत्रांवरून एक दुखरी आठवण. माझ्या तुकडीतला एक मुलगा, धावण्यात पहिला, ड्रिल आरशासारखी. तिसऱ्या वर्षी सीच्या अर्जांचा गठ्ठा कॉलेजच्या कार्यालयातून युनिटकडे वेळेत गेलाच नाही. कुणाच्या तरी टेबलावर राहिला. पाच जणांची परीक्षा बुडाली, त्यांत तो. घरची शेती, पुढच्या वर्षापर्यंत थांबणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याचा गुन्हा काहीच नव्हता. म्हणून सांगतो, लेकीला पहिल्या दिवसापासून वही ठेवायला लावा. परेडची तारीख, कॅम्पची तारीख, कुठला फॉर्म कधी भरला, कुणाकडे दिला, पोच घेतली का. कॅम्प संपला की त्याचं प्रमाणपत्र लगेच स्कॅन.

विसावा | बुधवार, दुपारी १२:१५

माझं वय ७८. कुंझरू समितीच्या शिफारशीवरून कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ला एनसीसी सुरू झाली. मुलींचा विभाग लगेच १९४९ला आला, पण आमच्या कॉलेजात कितीतरी वर्षं एकही मुलगी वर्दीत दिसली नव्हती. ६२च्या युद्धानंतर १९६३ला एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ला पुन्हा ऐच्छिक. मी त्या सक्तीच्या काळातला. वर्गात शंभर मुलं असली तर शंभरही मैदानावर. त्यातल्या निम्म्यांना तिथे यायचंच नसायचं आणि परेडवर ते दिसायचं. उस्तादांचा सगळा वेळ त्यांना ओढण्यात जायचा. आज जी मुलं स्वतः नाव देऊन येतात त्यांना शिकवणाऱ्याचं पूर्ण लक्ष मिळतं, हे भाग्य आम्हाला नव्हतं.

थ्री नॉट थ्री रायफलचा धक्का इतका की फायरिंगनंतर खांद्याला जांभळा डाग पडायचा. आईपासून लपवण्यासाठी मी आठवडाभर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून झोपायचो.

प्राजक्ताताई, माझ्या बहिणीला तेव्हा जायचं होतं. वडील नाही म्हणाले, आणि मी मोठा भाऊ असून तिच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. ती आता नाही. तुमच्या लेकीला जाऊ द्या.

नेहमीचा_वाचक | बुधवार, दुपारी १२:४०

विसावा काका, तुमचं वाचून घशात अडकलं काहीतरी.

पायपीट | बुधवार, सायंकाळी ६:३०

चांगला धागा. जरा वेगळा प्रश्न विचारतो, चालेल ना? मुलगा सहावीत आहे, फौजेचं वेड आहे. सुट्टीत एका खासगी 'कमांडो' शिबिराला पाठवला होता, सात दिवसांचं. जाहिरातीत दोरीवरून उतरणारी मुलं, अंगावर काळे कपडे. तिसऱ्या दिवशी फोन आला, येऊन घेऊन जा. भर दुपारी पाठीवर पिशवी देऊन टेकडीवर पळवलं होतं, पाणी मागितलं तर शिक्षा म्हणून आणखी एक फेरी. मी पोचलो तेव्हा पोरगा तापाने फणफणला होता, ओठ फुटलेले, लघवी गडद पिवळी. डॉक्टर म्हणाले, उष्माघाताच्या उंबरठ्यावर होता. तिथे डॉक्टर सोडा, साधी प्रथमोपचाराची पेटीही नव्हती. तेव्हापासून बायको वर्दीचं नाव काढू देत नाही. मुलाचं वेड मात्र तसंच आहे. त्याला कुठल्या वाटेने न्यावं?

गणिताच्या_बाई | बुधवार, रात्री ९:००

पायपीट, वाचून संताप आला. पाणी तोडणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आमच्या कॅम्पमध्ये दुपारच्या उन्हात मैदानावरचं काम ठेवत नसत; पीटी आणि ड्रिल सकाळी, दुपारी वर्ग (नकाशावाचन, हत्यारांची माहिती, प्रथमोपचार), ऊन उतरलं की खेळ. चालण्याच्या प्रत्येक टप्प्यावर पाण्याची बाटली तपासायचे उस्ताद. कुठल्याही खासगी शिबिराला पाठवण्याआधी तीन गोष्टी जागेवर जाऊन पाहा: डॉक्टर किंवा परिचारिका मुक्कामी आहे का, शिकवणारे खरोखर कुठे शिकलेत, आणि दुपारी बारा ते चार मुलं काय करतात. आणि अशा शिबिराच्या कागदाला भरतीत काही किंमत नसते हेही ध्यानात ठेवा.

मुलासाठी खऱ्या वाटा आहेत. सैनिक स्कूलला सहावीत आणि नववीत प्रवेश मिळतो, राष्ट्रीय पातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. देशातलं पहिलं सैनिक स्कूल आपल्याच साताऱ्यात, १९६१ सालचं. चंद्रपूरलाही आहे. सहावीचा प्रवेश हुकला असेल तर डेहराडूनचं आरआयएमसी (राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज) पाहा, १९२२ सालची संस्था. तिथे आठवीत प्रवेश असतो, वर्षातून दोनदा परीक्षा, महाराष्ट्रातली परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. वय साडेअकरा ते तेराच्या आत लागतं, म्हणून आत्ताच जन्मतारीख मांडून बघा. हेही नाही जमलं तर दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट), शासनाची संस्था, एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, तयारीसाठी. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे. आणि यातलं काहीच नाही झालं तरी आठवीत शाळेची एनसीसी आहेच.

बायकोला दोष देऊ नका. तिने जे पाहिलं त्यावरून तिचं बरोबर आहे. तिला एकदा एखाद्या सैनिक स्कूलच्या मैदानावर घेऊन जा.

लाटा | बुधवार, रात्री ९:५०

सगळे आर्मी विंगबद्दलच बोलताहेत म्हणून लिहिते. मी नेव्हल विंगची. मुंबईत शिकले. आम्हाला व्हेलर, म्हणजे वल्ह्यांची मोठी होडी, ओढायला शिकवलं, सेमाफोरचे झेंडे, गाठी, जहाजांची मॉडेल्स. पहिल्या दिवशी तळहाताला आलेले फोड अजून आठवतात; चार दिवसांनी सगळ्या मुलींची वल्ही एकाच वेळी पाण्यात पडली आणि होडी एकदम हलकी झाली. एअर विंगला एअरोमॉडेलिंग आणि मायक्रोलाइटमधून उडायची संधी असते. कॉलेजमध्ये कुठली विंग आहे ते विचारा. बऱ्याच ठिकाणी एकच असते, पण जवळपास दुसरी असेल तर प्रवेशाआधी चौकशी केलेली बरी.

पोहता येत नसेल तरी नेव्हलला घेतात का असं कुणी विचारेल, तर मला घेतलं होतं. शिकले नंतर.

कोरा_कागद | गुरुवार, सकाळी १०:१०

चष्मा असला तर घेतात का? भाचीला जायचंय.

जुना_एसयूओ | गुरुवार, सकाळी १०:३०

घेतात. माझ्या तुकडीत चौघे चष्मेवाले होते, त्यातला एक सगळ्यात चांगला नेमबाज. फौजेत जायचे दृष्टीचे निकष वेगळे आणि कडक असतात, ते त्या त्या वेळी पाहावे लागतील.

सई_आरडीसी | गुरुवार, रात्री ८:१५

प्राजक्ताकाकू, मी तीन वर्षांपूर्वी आरडीसी केलं, म्हणजे दिल्लीचा प्रजासत्ताक दिनाचा कॅम्प. सगळे आरडीसीचं कौतुक करतात, मी जरा दुसरी बाजूही लिहिते, कारण काकांची प्रॅक्टिकल्सची काळजी खरी आहे.

दिल्लीला जायच्या आधी चाळणीवर चाळणी लागते. आधी युनिट, मग ग्रुप (महाराष्ट्रात असे सात ग्रुप आहेत), मग ग्रुपाग्रुपांतली स्पर्धा, मग राज्याचा संघ. एकामागून एक कॅम्प, प्रत्येक वेळी काहीजणी घरी परत. मी ऑक्टोबरपासून जानेवारीअखेरपर्यंत जवळजवळ घरी नव्हते. पहाटे अंधारात उठायचं, दिल्लीच्या थंडीत बोटं बधिर, आणि बेल्टचं बक्कल ब्रासोने असं चमकवायचं की त्यात स्वतःचे दात दिसले पाहिजेत. करिअप्पा ग्राउंडवर शेवटच्या रॅलीला उभी होते तेव्हा शेजारच्या दोघींच्या बुटांचा आवाज आणि माझ्या बुटाचा आवाज वेगळा ऐकू येत नव्हता. त्या एका आवाजासाठी चार महिने घासले होते. आपल्या महाराष्ट्राने २०२२, २०२३ आणि २०२४ असा सलग तीन वर्षं पंतप्रधानांचा बॅनर, म्हणजे आरडीसीतला पहिल्या नंबरचा मान, आणला तो असाच, मुलांमुलींच्या टाचा झिजवून.

पण त्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले. एका सरांनी प्रॅक्टिकल्स वेगळी घेतली, दुसऱ्यांनी नाही घेतली. एनसीसीसाठी गैरहजर असलेल्यांना सवलत द्यायचं कागदावर असतं, प्रत्यक्षात शिक्षकागणिक फरक पडतो. म्हणून जाण्याआधी प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना भेटून लेखी पत्र द्यायचं, एका मैत्रिणीकडे जर्नल्सची जबाबदारी द्यायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि काकू, सगळ्यांनी आरडीसीच्या मागे लागायची गरज नाही. थल सैनिक कॅम्प आहे, नकाशा आणि नेमबाजी आवडणाऱ्यांना तो जास्त शिकवतो असं माझं मत. एक भारत श्रेष्ठ भारत कॅम्प, ट्रेकिंग कॅम्प हे दहा-बारा दिवसांत संपतात. दार्जिलिंग आणि उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थांचे कोर्स एनसीसीतून करता येतात. माझी बॅचमेट उत्तरकाशीला जाऊन आली, तिच्याकडून बर्फातले फोटो पाहिले तेव्हा मला माझ्या निवडीचं वाईट वाटलं होतं. मुलींना चेन्नईच्या ओटीएला काही दिवस राहून खरं अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण जवळून बघायचा अटॅचमेंट कॅम्पही असतो. याची माहिती फलकावर दोन दिवस असते आणि जाते. एएनओंच्या मागे लागणाऱ्या मुलींनाच ती मिळते. लाजून चालत नाही.

प्राजक्ता_आई | शुक्रवार, रात्री १०:०५

सई, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. नवऱ्याने तुझा प्रतिसाद दोनदा वाचला आणि म्हणाला, पहिल्या वर्षी जवळचे कॅम्प, आरडीसीचं दुसऱ्या वर्षी बघू, आणि प्रत्येक वेळी पत्र द्यायचं. लेकीने मान्य केलंय. विसावा काकांचं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण सकाळी त्यांनीच तिला साडेपाचला उठवून पळायला पाठवलं.

प्राजक्ता_आई | शनिवार, दुपारी १:३०

झाली निवड! चौऱ्याहत्तर मुली आल्या होत्या, बावीस घेतल्या. धावण्यात नववी आली. तोंडी परीक्षेत एनसीसीचं ब्रीदवाक्य विचारलं, ते तिने सांगितलं, एकता और अनुशासन, आणि दुसऱ्या मॅडमनी विचारलं घरून परवानगी आहे का, तेव्हा म्हणाली, आजीने उठवलंय आज.

बाई, जुना एसयूओ, एक लहानसा प्रश्न. वर्दी मिळायला वेळ आहे, पण शेजारच्या ताईने तिची बेरे टोपी दिलीय. ती डोक्यावर तव्यासारखी उभी राहतेय. सकाळपासून आरशासमोर चाललंय. काय करायचं?

गणिताच्या_बाई | शनिवार, दुपारी १:५०

कोमट पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, हलकी दाबायची. ओलीच डोक्यावर घालून बॅज डाव्या डोळ्याच्या बरोबर वर आणायचा आणि कापड उजवीकडे कानाकडे हाताने ओढून बसवायचं. डोक्यावरच अर्धीमुर्धी वाळू द्या, मग काढून सपाट ठेवा. दोनतीनदा केलं की बसते. आणि तिला म्हणावं, सोमवारी परेडला केस जाळीत, एकही बट बाहेर नको.